आक्षीच्या पुळणीवरील निरोप

मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थिनीने वार्षिकांकासाठी पक्ष्यांवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. वर्षापूर्वी मलाही वाटले असते. वसंत ऋतू म्हटला की आपल्यापुढे कोकिळ, आम्रमोहोर, पळस आणि पांगारा उभे राहतात. काव्यशास्त्राच्या तासाला वसंत हा शृंगाराचा उद्दीपन विभाव म्हणून आपण पाठ केला आहे. थोडक्यात, वसंत म्हणजे कोणीतरी येण्याचा ऋतू, अशी आपली समजूत. कोकणच्या किनाऱ्यावर मात्र याच दिवसांत हजारो पक्षी निघून जात असतात. श्रावण-भाद्रपदात आलेले हे पाहुणे सात-आठ महिने आपल्या वाळूवर आणि चिखलावर जगतात, आणि फाल्गुन-चैत्रात उत्तरेकडे परततात. त्यांचे येणे आपल्या लक्षात येत नाही आणि जाणेही नाही. त्या जाण्याचा एक दिवस मी पाहिला, त्याची ही हकिकत आहे; आणि त्या दिवशी जे शिकले, त्याचा हा पाठही आहे.

२०२५ च्या एप्रिल महिन्यात प्रकल्पासाठी मला आक्षीचा शिलालेख पाहावयाचा होता. आक्षी हे अलिबागच्या दक्षिणेस, रेवदंड्याच्या रस्त्यावर चार-पाच किलोमीटर अंतरावरचे गाव. तेथे माझी मावशी राहते. १० एप्रिलला, चैत्र शुद्ध त्रयोदशीला, महावीर जयंतीची सुटी होती. आदल्या दुपारी निघताना भूगोल विभागातील सरांनी आपली जुनी दुर्बीण माझ्या हाती दिली आणि म्हणाले, "शिलालेख दुपारी पाहिलास तरी चालेल, तो कोठे जात नाही. सकाळ पुळणीवर घालव. पंधरा-वीस दिवसांनी तिथले निम्मे रहिवासी गेलेले असतील." पुळण म्हणजे समुद्रकाठचा वाळूचा सपाट पट्टा. घाटावरच्या वाचकांसाठी हा खुलासा.

भरतीचे गणित

रात्री जेवणानंतर मावशीच्या शेजारचे तांडेल आजोबा ओटीवर येऊन बसले. त्यांचे आयुष्य होडीवर गेले आहे. उद्या किती वाजता जावे, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी घड्याळाकडे न पाहता तिथी विचारली.

"तेरस हाय ना? मग पाऊनपट कर. पावनेदहाला पानी भरंल."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा. तेराची पाऊणपट पावणेदहा. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. यामागे साधे कारण आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते. आजोबांच्या हिशेबात पन्नासाऐवजी पंचेचाळीस मिनिटे धरली आहेत, म्हणून उत्तर थोडे इकडेतिकडे होते. पण होडी काढायला ते पुरेसे असते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे जातात, म्हणजे भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी खूप चढते आणि खूप उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास चढ-उतार कमी, ती भांगाची भरती.

पक्षिनिरीक्षणाच्या लेखात हे गणित कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु किनाऱ्यावरचे पक्षी सूर्याच्या घड्याळावर जगत नाहीत. ओहोटीला वाळू उघडी पडते, तेव्हा तीतील किडे, गांडुळांच्या जातीचे जीव, बारीक खेकडे आणि शिंपल्या त्यांना मिळतात. मग ती वेळ दुपारची असो वा मध्यरात्रीची. भरती आली की ताट झाकले जाते. तेव्हा ते उंचावरच्या कोरड्या वाळूवर दाटीवाटीने उभे राहून विश्रांती घेतात. म्हणून त्यांना पाहावयाचे तर आधी पाण्याची वेळ पाहावी लागते. ओहोटीला गेलात तर पक्षी अर्धा मैल दूर ठिपक्यांसारखे दिसतात. पाणी चढत असताना गेलात, तर समुद्रच त्यांना तुमच्याकडे घेऊन येतो.

सकाळ

साडेसहाला मी सुरूच्या बनातून पुळणीवर उतरले. पाणी पहाटे उतरून पुन्हा चढू लागले होते. उत्तरेला कुलाबा किल्ल्याची काळी रेघ दिसत होती. पहिल्या दृष्टिक्षेपात किनारा रिकामा वाटला. मग वाळूच वाळूवर चालते आहे असा भास झाला. दुर्बीण डोळ्यांना लावली, आणि त्या हलत्या वाळूला पाय फुटले.

सर्वात पुढे, लाटेच्या ओठाशी, मूठभर आकाराचे फिकट सँडरलिंग पळत होते. लाट मागे सरली की तिच्यामागे धावावयाचे, चोच खुपसावयाची, आणि लाट वळली की तिच्यापुढे उलट पळत सुटावयाचे. या पक्ष्याला मागचे बोट नसते. त्यामागे ओल्या वाळूवर चिखल्यांचा मोठा थवा होता, दीडशेच्या घरात असावा. चिखल्याची रीत वेगळी. तो चार पावले धावतो, थांबतो, टक लावून पाहतो, एकदा टोचतो आणि पुन्हा धावतो. तो डोळ्यांनी शोधतो. तुतवारांची जात मात्र चोचीने चाचपते. शिवणयंत्राच्या सुईसारखी त्यांची चोच वाळूत खालीवर होत असते. हा एवढा भेद ध्यानात आला तरी किनाऱ्यावरच्या गर्दीचे दोन भाग पडतात, आणि गोंधळ निम्मा कमी होतो.

दूरवर तीन कुरल चालत होते. हा बदामी रंगाचा, कोंबडीएवढा पक्षी. त्याची चोच लांबलचक आणि खाली वाकलेली असते, आणि ती बिळात घालून तो खेकडा बाहेर ओढतो. इंग्रजीतले 'कर्ल्यू' हे नाव त्याच्या आर्त, वर चढत जाणाऱ्या शिळेवरून पडले आहे. खडकाळ भागात काळापांढरा कालवफोड्या आपल्या लालभडक चोचीने शिंपल्या उघडीत होता. वाळूच्या उंचवट्यावर कुरवांची सभा भरली होती. नावे जवळजवळची असली तरी कुरल आणि कुरव वेगळे. कुरव म्हणजे होडीमागे उडणारा, बंदरावर दिसणारा पांढरा-करडा पक्षी.

आणि येथेच मला वसंत दिसला. हिवाळ्यात कुरवाचे डोके पांढरे असते. कानाजवळ एखादा काळसर ठिपका, बस्स. आता त्यांतल्या बहुतेकांनी गडद तपकिरी टोप्या घातल्या होत्या. काहींच्या टोप्या अर्धवट होत्या, जणू घाईत निघालेल्या माणसाचे एक बटण लावावयाचे राहिले आहे. चिखल्यांतही तोच प्रकार. हिवाळ्यात हे सगळे मातकट आणि एकसारखे दिसतात. आता काही नरांच्या छातीवर विटकरी पट्टा आणि डोळ्यांवर काळी पट्टी उमटली होती. करड्या चिखल्याचे पोट काळे पडू लागले होते. हा शृंगार आपल्यासाठी नव्हे. ज्या गावी लग्न लागावयाचे, त्या गावी पोहोचण्याआधी चढवलेला तो पोशाख आहे.

ते गाव कोणते?

हा प्रश्न माणसाला फार जुना आहे. हिवाळ्यात पक्षी नाहीसे होतात ते कोठे जातात, याचे उत्तर युरोपात शतकानुशतके चुकत होते. ॲरिस्टॉटलला वाटे की काही जाती ऋतूप्रमाणे दुसऱ्या जातीत रूपांतरित होतात. पाकोळ्या तळ्याच्या तळाशी झोपतात, असे अठराव्या शतकातही विद्वान मानत. १८२२ मध्ये जर्मनीत एक करकोचा मारला गेला. त्याच्या मानेत आरपार आफ्रिकी बनावटीचा भाला अडकलेला होता. तो घाव घेऊन तो पक्षी आफ्रिकेतून उडत आला होता! पुढे १८९९ मध्ये डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन या शिक्षकाने पक्ष्यांच्या पायांत क्रमांक घातलेली ॲल्युमिनियमची वळी अडकवण्याची पद्धत सुरू केली आणि अंदाजाच्या जागी पुरावा आला. आपल्याकडे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे १८८३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने, डॉ. सलीम अली यांच्या पुढाकाराने १९५९ पासून हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. आता वळ्यांच्या जोडीला उपग्रहाशी बोलणारी चिमुकली यंत्रेही पक्ष्यांच्या पाठीवर बसवतात.

या साऱ्या खटाटोपातून जे कळले ते थोडक्यात असे. तपकिरी टोपीचा कुरव मध्य आशियातील उंचावरच्या सरोवरांकाठी घरटे करतो, लडाखमध्येही करतो. लाटांशी खेळणारा सँडरलिंग उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात जन्मतो. बाकदार चोचीचा तुतवार सैबेरियाच्या उत्तर टोकाला जातो. विटकरी पट्ट्याचा छोटा चिखल्या, ज्याच्या शास्त्रज्ञांनी अलीकडेच सैबेरियन आणि तिबेटी अशा दोन वेगळ्या जाती केल्या, त्यातील आपल्याकडचा हा तिबेटी. त्याचे माहेर तिबेटच्या पठारावर, पामीरमध्ये आणि लडाखमध्ये. आक्षीपासून लडाख सरळ रेषेत सुमारे अठराशे किलोमीटर, आणि हा पक्षी आपल्या तळहातावर मावेल एवढा. आपल्या देशावरून जाणाऱ्या या मार्गाला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात, आणि तो तीस देशांत पसरला आहे. सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांच्या आधारे पक्षी दिशा ठरवतात.

माझी चूक

येथवर सगळे छान चालले होते. मग मला छायाचित्राचा मोह झाला. मोबाईल हातात घेऊन मी सरळ चिखल्यांच्या थव्याकडे चालू लागले. साठ-सत्तर पावलांवर असताना सगळे एकदम ताठ उभे राहिले. आणखी दहा पावले, आणि अख्खा थवा उडाला. वळताना एकदम पांढरा, पुन्हा वळताना एकदम मातकट. दृश्य सुंदर होते, हे कबूल केले पाहिजे. म्हणून तर मी पुन्हा तेच केले. ते दूर जाऊन बसले, मी मागे गेले, ते उडाले. तिसऱ्यांदाही तेच. चित्र एकही धड आले नाही.

तांडेल आजोबा होडीकडे निघाले होते. ते दुरून पाहत असावेत. जवळ येऊन म्हणाले, "पोरी, पंगतीत बसलेल्याला तीनदा उठवलंस. त्याला लांबचा पल्ला मारायचा हाय. जेवू दे की."

माझा चेहरा उतरला. ते होडीकडे निघून गेले आणि मी सुरूच्या एका पडलेल्या ओंडक्याला टेकून बसले. पुढे घरी येऊन वाचले, तेव्हा त्यांच्या एका वाक्यात किती शास्त्र होते ते कळले.

या पक्ष्यांचे इंधन म्हणजे चरबी. निघण्यापूर्वीच्या काही आठवड्यांत ते अधाशासारखे खातात. लांब पल्ल्याच्या काही जातींचे वजन जवळजवळ दुप्पट होते. काहींमध्ये निघण्याच्या सुमारास आतडी आणि जठर आकसतात. प्रवासात न लागणारे सामान जणू घरी ठेवून ते निघतात. शेपटीवर पट्टे असलेला पाणटिवळा नावाचा पक्षी आपल्या किनाऱ्यावरही हिवाळ्यात येतो. त्याच जातीच्या, अवघ्या पाच महिन्यांच्या एका पिल्लाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अलास्कापासून टास्मानियापर्यंत अकरा दिवसांत, कोठेही न उतरता, १३,५६० किलोमीटरचे उड्डाण केले. उपग्रहाने त्याची नोंद ठेवली आहे. हे बळ त्याने निघण्यापूर्वी चिखलात मिळवलेल्या अन्नातून आले.

आता हिशेब करा. पुळण दिवसभर उघडी नसते. एका ओहोटीत खाण्याजोगे पाच-सहा तास मिळतात. प्रत्येक वेळी उडावे लागले की दोन प्रकारे तोटा होतो: खाण्याची मिनिटे जातात आणि साठवलेली चरबी जळते. मी एकटीने एका सकाळी तीनदा हे केले. सुटीच्या दिवशी किनाऱ्यावर असे किती जण येतात! मोकाट कुत्री थव्यामागे धावतात, हौसेने पुळणीवर गाड्या फिरवल्या जातात, मुले "उडव, उडव" म्हणून टाळ्या वाजवतात. कोणाच्याच मनात वाईट नसते. माझ्याही नव्हते.

ओंडक्याला टेकून बसल्याचे फळ मात्र मिळाले. मी हलत नव्हते आणि पाणी चढत होते. साडेनऊच्या सुमारास, ज्यांच्यामागे मी धावले होते तेच चिखल्ये लाटेने मागे सारत आणले. आधी पन्नास पावलांवर, मग तीस, मग वीस. पाणी आजोबांच्या हिशेबापेक्षा थोडे उशिराच भरले. तोवर थवा माझ्यासमोर कोरड्या वाळूवर स्थिरावला होता. सगळ्यांची तोंडे वाऱ्याकडे, कित्येक एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत. डोळा मात्र मधूनमधून उघडे. एकाच्या छातीवरील विटकरी पट्टा मी दुर्बिणीशिवाय पाहिला. जे धावून मिळाले नाही ते बसून मिळाले. आक्षीच्या उत्तरेला, अलिबागच्या पलीकडे किहीम आहे. तेथे १९३० मध्ये सलीम अलींनी सुगरण पक्ष्याच्या वसाहतीचे निरीक्षण केले होते. नर अर्धवट घरटे बांधतो, मादी येऊन पारखून ते पसंत करते, आणि मग नर दुसरे घरटे बांधावयास घेतो, हा त्यांचा प्रसिद्ध शोध तेथलाच. तोही दिवसचे दिवस एका जागी बसून लागलेला शोध आहे.

शिळा

दुपारी शिलालेख पाहिला. या लेखाचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला जातो, आणि डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या १९६३ च्या ग्रंथात त्याला मराठीच्या आरंभीच्या लेखांत मानाचे स्थान दिले आहे. शिलाहार राजा केशिदेवराय याच्या काळातील हे दान. देवीच्या बोडणासाठी धान्य द्यावे, असा त्याचा आशय. राजाला लेखात पश्चिम समुद्राचा अधिपती म्हटले आहे. वर चंद्र आणि सूर्य कोरलेले असतात, ते 'आकाशात चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान चालावे' या अर्थाने. आणि असे दान मोडणाऱ्याला शाप देण्याचीही रीत होती. तशा शिळांना आपण गधेगाळ म्हणतो.

परीक्षेच्या दृष्टीने मी सगळे टिपून घेतले. पण डोक्यात सकाळचे वाक्य घोळत होते. राजा समुद्राचा अधिपती म्हणवून घेत असताना, त्या काळीही चैत्रात हे पक्षी याच वाळूवर खाऊन निघत असतील. त्यांनाही या किनाऱ्याने अन्नाचे दान दिलेले आहे. मात्र ते कोणत्याही शिळेवर कोरलेले नाही आणि ते मोडणाऱ्याला कोणाचा शापही नाही. ते टिकले तर केवळ आपल्या समजुतीने टिकेल.

दान कमी होत आहे, हे आता आकडे सांगतात. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवरील २०२३ च्या अहवालात हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा घेतला आहे. त्यांतील ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांपैकी ६० टक्के जाती घटल्या आहेत. किनाऱ्यावरचे स्थलांतरित पक्षी यात ठळकपणे आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक लाल यादीत या वर्गातील सोळा जातींची स्थिती पूर्वीपेक्षा अधिक चिंतेची म्हणून नोंदली गेली. सकाळी मी पाहिलेला, पोट काळे पडू लागलेला करडा चिखल्या त्यांत आहे. सैबेरियाचा बाकदार चोचीचा तुतवारही आहे. आणि माझ्या सहलीनंतर सहा महिन्यांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, कुरलाचा एक चुलतभाऊ, सडपातळ चोचीचा कुरल, जगातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. तो आपल्याकडचा नव्हे. सैबेरियात जन्मून भूमध्य समुद्राकाठी हिवाळा काढणारा. त्याचे शेवटचे खात्रीचे दर्शन १९९५ मध्ये मोरोक्कोच्या किनाऱ्यावर झाले होते. ज्याने तो पाहिला, त्याला हे दर्शन अखेरचे ठरेल, याची तेव्हा कल्पनाही नसेल.

संध्याकाळ

चारच्या सुमारास पुन्हा पुळणीवर गेले, तेव्हा पाणी पूर्ण उतरले होते आणि वाळू दूरवर चकाकत होती. या वेळी मी ओंडक्यापाशीच बसले आणि एक छोटा प्रयोग केला. एका चिखल्यावर दुर्बीण रोखून, घड्याळ लावून, तो मिनिटात किती वेळा टोचतो ते मोजले. शांतता असताना आठ, नऊ, पुन्हा आठ. तेवढ्यात दोन कुत्री थव्यातून धावत गेली. पक्षी उडाले, फिरले आणि परत बसले. त्यानंतरच्या पहिल्या मिनिटात त्यांतील एकावर नजर ठेवली. त्याने एकदाही टोचले नाही, मान उंच करून उभा होता. दुसऱ्या मिनिटात तीन. पूर्ववत व्हावयास चार-पाच मिनिटे गेली. एका संध्याकाळची मोजणी म्हणजे शास्त्र नव्हे, हे मला कळते. परंतु "पक्षी उडाला, पुन्हा बसला, त्यात काय बिघडले?" या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या घड्याळाने दिले.

सूर्य सातच्या सुमारास बुडाला. मागे माडांच्या वाड्यांवर तेरसेचा जवळजवळ पूर्ण चंद्र आधीच वर आला होता. पाणी चढू लागले होते. चिखल्यांत एकाएकी चुळबुळ सुरू झाली. बारीक, घंटी वाजावी तशी हाक एकाने दिली, दुसऱ्याने घेतली. तीस-चाळीस पक्ष्यांचा एक गट उठला. दिवसभर मी त्यांची उड्डाणे पाहिली होती. ती खालून, लाटांना लगटून असत आणि वळसा घेऊन परत खाली येत. हा गट मात्र वर चढत गेला. सुरूच्या शेंड्यांच्या वर, त्याच्याही वर. एक वळसा घेतला, आपोआप तिरकी रांग झाली, आणि ती रांग उत्तरेकडे, कुलाब्याच्या बाजूने निघाली. दुर्बिणीत ठिपके उरेपर्यंत मी पाहत राहिले. हाका मात्र ठिपके दिसेनासे झाल्यावरही थोडा वेळ ऐकू येत होत्या.

मावशी मला शोधत पुळणीवर आली होती. तिला म्हटले, "गेले." तिने विचारले, "कोण?" सात-आठ महिने तिच्या वाडीच्या मागे राहिलेले पाहुणे तिला ठाऊक नव्हते. तिला दोष कसा देऊ? वर्षानुवर्षे सुटीत येथे येऊन मलाही ते ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी थवा दिसला, पण कालच्याहून लहान होता. विटकरी पट्टा उमटलेले त्यात फार थोडे होते. राहिले ते बहुतेक मातकट. गेल्या उन्हाळ्यातली तरुण पिल्ले असावीत. अशी काही पिल्ले पहिले वर्ष उत्तरेला न जाता येथेच काढतात.

आपण काय करावे

लेख लांबला; पण अभ्यासलेखाचा शेवट उपदेशाने नव्हे, कृतीने व्हावा, म्हणून चार गोष्टी सांगते. किनाऱ्यावर जाण्यापूर्वी तिथी पाहावी, पाऊणपट करावी, आणि पाणी भरण्याच्या दोन-तीन तास आधी पोहोचावे. पक्ष्यांकडे चालत जाऊ नये. एक जागा धरून बसावे आणि भरतीला आपले काम करू द्यावे. पक्षी मान ताठ करून उभे राहिले की आपण फार जवळ आलो, असे समजून तेथेच थांबावे. आणि पाहिलेले लिहून ठेवावे: तारीख, वेळ, भरती की ओहोटी, अंदाजे संख्या. मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजावेत, ते केवढी जागा व्यापतात ते पाहावे, आणि तेवढ्या दहा-दहाच्या घासांनी थवा मोजावा. नावे अडली तर मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' ग्रंथालयात मागावा. २०२५ च्या जून महिन्यात चितमपल्ली गेले. त्यांनी मराठीत गोळा करून ठेवलेली पक्ष्यांची नावे वापरात ठेवणे हे मराठीच्या विद्यार्थ्यांचे तरी काम आहे. 'बारीक पक्षी', 'समुद्रावरचे पक्षी' असे म्हणत राहिलो, तर त्यांतला कोणता नाहीसा झाला हेही आपल्याला कळणार नाही.

माझी एक सूचना आहे. आपल्या महाविद्यालयापासून किनारा दोन तासांच्या अंतरावर आहे. दरवर्षी चैत्र शुद्ध त्रयोदशीला भूगोल आणि मराठी या दोन्ही विभागांनी मिळून आक्षीला जावे आणि एका नोंदवहीत मोजणी करावी. तिथी तीच असली की भरतीची वेळही साधारण तीच राहील, आणि एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करता येईल. पहिल्या पानावर १० एप्रिल २०२५ ची माझी तोडकीमोडकी नोंद आहे. ती वही मी भूगोल विभागात ठेवली आहे, सरांच्या दुर्बिणीशेजारी.

तांडेल आजोबांना मी निघताना नमस्कार केला. ते म्हणाले, "आता भादव्यात ये. परत येतात का बघू." मी जाणार आहे.